स्लॅबच्या खोलीतली शेगडी

माझी ताई गेली तेव्हा तिचे गाल गुलाबी होते. असं लिहिणं बरं दिसत नाही, पण सुरुवात तिथूनच करावी लागते, कारण पुढचं सगळं त्या गालांमुळे झालं. तिला अंगणात आणून ठेवलं होतं. बाया रडायला बसल्या होत्या आणि रडता रडता एकेक जण वाकून तिचं तोंड बघायची नि गप्प व्हायची. बाळंतपणाच्या चौदाव्या दिवशी मेलेली बाई, आणि चेहरा असा की आता उठून पाणी मागेल. कुणीतरी म्हणालं, "झोपलीय का काय?" आईने ते ऐकलं आणि ताईला गदागदा हलवून हाका मारायला लागली. ते बोलणारी कोण होती हे आता आठवत नाही, पण मी तिला माफ केलेलं नाही.

आमचं घर भाईंदरला, पूर्वेला. आज जेसल पार्क म्हणतात त्या बाजूला खाडीलगत आमचं लहानसं मिठागर होतं आणि थोडी भातशेती. मी सांगतेय ती साठीच्या दशकातली शेवटची वर्षं. घर कुडाचं, शेणाने सारवलेलं, वर कौलं. हिवाळ्यात खाडीवरचा वारा कुडाच्या फटींतून, चाळणीतून यावा तसा, थेट पाठीला लागायचा. आई म्हणायची, "घर कसला, चालण हाय." तिला त्या घराची लाज वाटायची आणि ती बाबांना ते रोज ऐकवायची.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. सातवीनंतर तिची शाळा सुटली, मग लग्न झालं आणि पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली. त्या वर्षी मीठ चांगलं पिकलं होतं. बाबांनी हौसेने घराला लागून तिच्यासाठी एक खोली बांधली. विटांच्या भिंती, आतून-बाहेरून प्लास्टर, एक दार, एक खिडकी, आणि वर स्लॅब. आमच्या आळीतला तो पहिला स्लॅब. लोक बघायला यायचे, भिंतीवर थापट्या मारून बघायचे. बाबा एरवी घुम्यासारखे असत, पण त्या दिवसांत येईल त्याला सांगायचे, "मुंगी शिरायची न्हाय आतमंदी." खरंच शिरत नव्हती.

बाळंतिणीच्या बाजल्याखाली शेगडी ठेवायची, ही आमच्याकडची जुनी रीत. लोणारी, म्हणजे लाकडाचा कोळसा पेटवायचा, त्यावर राख पसरायची म्हणजे तो दिवसभर धुमसत राहतो, आणि सकाळ-संध्याकाळ वर ओवा आणि वेखंड टाकून धुरी द्यायची. कानाला फडकं, कानात कापसाचे बोळे. वारा लागता कामा नये. ओल्या बाळंतिणीला वारा लागला की ती जन्माची गेली, हे आमच्याकडे पोरीबाळींनाही पाठ. आईची स्वतःची पाच बाळंतपणं अशाच शेगडीवर झाली होती. आजीचीही. कुणाचं काही बिघडलं नाही. ती सगळी कुडाच्या घरात झाली, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात यायचं कारण नव्हतं.

वारा अडवायचं काम माझ्याकडे होतं. मी दहावीत होते आणि माझ्याइतकी शहाणी पोरगी अख्ख्या आळीत नाही, असं माझं ठाम मत होतं. दाराच्या खालच्या फटीला मी मिठाचं जुनं पोतं गुंडाळी करून लावलं. खिडकीच्या झडपांच्या कडेने चिंध्या कोंबल्या, सुरीच्या टोकाने आतपर्यंत. आईने येऊन हात फिरवून बघितलं आणि म्हणाली, "बरा केलास." आईकडून शाबासकी म्हणजे आमच्या घरात दिवाळी. मी आणखी चिंध्या आणल्या.

शाळेत त्याच महिन्यात आम्हाला श्वसनाचा धडा होता. शाळेतून आल्यावर मी ताईजवळ बसून तो पाठ करायची. तिला सोबत व्हायची आणि माझी पोपटपंची ऐकायला कुणीतरी मिळायचं. नाकातून हवा आत जाते, श्वासनलिकेतून फुप्फुसांत. फुप्फुसांत बारीक बारीक वायुकोश असतात, त्यांच्या भिंती इतक्या पातळ की हवेतला प्राणवायू पलीकडे रक्तात उतरतो. रक्तातल्या तांबड्या पेशी त्याला उचलतात. हृदय ते रक्त अंगभर ढकलतं, मेंदूपासून पायाच्या करंगळीपर्यंत. तिथे प्राणवायू उतरवायचा, वाईट हवा उचलायची आणि परत फुप्फुसाकडे.

ताई डोळे मिटून ऐकायची. एकदा म्हणाली, "म्हंजे मीठ वाहनाऱ्या बायाच की गो. भरली टोपली नेऊन वतायची, रिकामी घेऊन परत पलायचा."

मी हसले, पण तिचं मला पटलं होतं. आमच्या मिठागरावर बाया अशाच जायच्या, वाफ्यापासून मिठाच्या राशीपर्यंत आणि परत, दिवसभर, एकामागे एक. परीक्षेत हा प्रश्न आला तेव्हा मला टोपल्यांचं लिहावंसं वाटलं. लिहिलं नाही. पुस्तकातला शब्दन् शब्द उतरवला आणि दहापैकी दहा मिळवले.

आठव्या दिवसापासून ताईचं डोकं दुखायला लागलं. मळमळायचं, पोटात काही ठरेना. आई म्हणाली, वारा लागला. मग शेगडीत कोळसे वाढले आणि मला फटी पुन्हा तपासायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी डोकं जास्त दुखलं. मग आणखी कोळसे. बाळ, म्हणजे माझी भाची, त्या खोलीत नेलं की सारखी किरकिर करायची आणि चुलीपाशी आईच्या मांडीवर आणलं की गप्प व्हायची. आई म्हणायची, "आज्जीचा लला लागलाय हिला." म्हणून बाळ बहुतेक वेळ बाहेरच असायचं, दूध पाजायला तेवढं आत. ती आज जिवंत आहे ती त्या लळ्यामुळे. धडा पाठ करता करता माझंही डोकं चढायचं. मला वाटायचं, अभ्यास फार होतोय.

बाराव्या दिवशी शेजारची काकी आली. ती विधवा, आमच्याच मिठागरावर टोपल्या वाहणारी. ताईला आणि मला दोघींना तिने कडेवर घेऊन वाढवलं, आमच्या आईला फुरसत नसायची तेव्हा. ती गूळ आणि मेथ्या घेऊन आली आणि दारातच फतकल मारून बसली, दार सताड उघडं. आई ओरडली तरी उठली नाही. म्हणाली, "बसू दे गो, जीव गुदमरतो हितं." तासभर गप्पा मारल्या. त्या तासात ताई उठून बसली, हसली, पेजही प्यायली. जाताना काकीने तिच्या हनुवटीला हात लावला. "काय लाल झायलीय पोर! गुलाबाच्या फुलासारखी." असं म्हणून कानशिलांवर बोटंही मोडली, दृष्ट लागू नये म्हणून.

चौदाव्या दिवशी रविवार होता. दुपारी जेवणं झाल्यावर आई बाळाला घेऊन चुलीपाशी लवंडली होती. मी ताईकडे गेले. तिचं तोंड लालबुंद होतं आणि ती हळूहळू बोलत होती, शब्द शोधून बोलावं तसं.

"जरा दार उघडा ठेव ना, बाय."

"वारा लागेल."

"लागू दे. कसासाच होतंय."

"आई मला मारेल," मी म्हणाले. वैतागूनच म्हणाले. दातांच्या धड्यावर दुसऱ्या दिवशी चाचणी होती आणि मला जायचं होतं. ती उठायला गेली तर पाय लुळे पडले. मी तिला धरून झोपवली, गोधडी गळ्यापर्यंत ओढली, आईने सांगून ठेवल्याप्रमाणे शेगडीत कोळसे घातले. बाहेर आल्यावर दार ओढून घेतलं आणि पायाने पोतं फटीला नीट सारलं. मग ओटीवर बसून दातांचे प्रकार पाठ केले. पटाशीचे, सुळे, दाढा.

चार वाजता आई चहा घेऊन गेली.

डॉक्टर आले, म्हणाले, हृदय बंद पडलं. ते तर आम्हालाही दिसत होतं. का बंद पडलं, हे विचारायची रीत नव्हती आणि सांगायची त्यांना गरज वाटली नाही. आईने वेड्यासारखं मूठभर मीठ आणि मिरच्या घेऊन मेलेल्या पोरीवरून ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका कुणाला लागला नाही, निदान रडण्याच्या गोंधळात कुणाच्या लक्षात आला नाही. ठसका आला नाही म्हणजे दृष्ट होती, आणि मोठी होती. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या.

तेवढ्यात मिठागराकडून काकी धावत आली. पायाला चिखल, डोक्यावर टोपलीखालची चुंबळ तशीच. ती ताईकडे झेपावली आणि मी मध्ये उभी राहिले.

"हिनेच!" मी किंचाळले. "लाल झायली म्हणाली! हिचेच डोळे लागले!"

हे कुणी मला शिकवलं नव्हतं. तोवर कुणी काकीचं नावही घेतलं नव्हतं. पण दुपारपासून माझ्या पोटात ते बंद दार घर करून बसलं होतं. ताईने मागितलं आणि मी दिलं नाही, हे मला कुणालाही सांगायचं नव्हतं, आणि समोर काकी दिसली. पंधरा वर्षांच्या पोरीने केलेलं एवढं हलकट काम मी पुढे नर्सच्या नोकरीतसुद्धा पाहिलं नाही.

काकी जागच्या जागी थांबली. आजूबाजूच्या बाया दोन पावलं मागे सरकल्या, तान्ही पोरं पदराखाली घेतली. काकीने सगळ्यांकडे पाहिलं, मग पदर डोळ्यांवर ओढला आणि गेली.

त्यानंतर तिला हळदीला बोलावणं गेलं नाही, बारशाला गेलं नाही. ती रस्त्याने आली की गरोदर बाई वाट बदलायची. बाबांनी तिला मिठागरावरून काढलं नाही, तेवढा एक चांगुलपणा. पण टोपल्या वाहताना तिच्या मागेपुढे दोन हात जागा मोकळी असायची. आणि तिची मान खाली. पुढे कित्येक वर्षं मी काकीचे डोळे पाहिले नाहीत. आमची भाची अंगणात रांगायला लागली तेव्हा काकी स्वतःच मागच्या बाजूने ये-जा करायला लागली. मला ते पाहून बरं वाटायचं. गुन्हेगाराला आपला गुन्हा कळतोय, असं वाटायचं.

मॅट्रिक झाल्यावर मी शहरात नर्सिंगला गेले. पहिल्याच वर्षी पुन्हा तोच धडा आला, या वेळी खोलात. फुप्फुसं, तांबड्या पेशी, सगळं मला तोंडपाठ. मी ऐटीत बसले होते. शिकवणाऱ्या बाई सांगत होत्या की तांबड्या पेशीत प्राणवायूला बसायला ठरलेली जागा असते. कोंदलेल्या खोलीत कोळसा धुमसत राहिला की एक दुसराच वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो त्याच जागेवर जाऊन बसतो आणि एकदा बसला की सहजी उठत नाही. छाती हलत असते, हवा आत-बाहेर जात असते, रक्त फिरत असतं, पण प्राणवायू कुठेच पोचत नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग पायातलं बळ जातं. आणि मग त्या म्हणाल्या, "अशा पेशंटचा रंग फसवा असतो. काळानिळा पडत नाही. गाल गुलाबी दिसतात. माणूस मेलं तरी गुलाबी."

मी उभी राहिले. विचारलं, "बाई, कुडाच्या घरात होतं का हे?"

"कुडाच्या घरात सहसा नाही. तिथे हवा खेळते ना," त्या म्हणाल्या. "पक्क्या खोलीत होतं, दारंखिडक्या बंद केल्या की. का गं?"

"काही नाही," म्हणून मी बसले. बाकीच्या मुली लिहून घेत होत्या, मीही लिहून घेतलं. माझं अक्षर चांगलं होतं, त्या पानावरही ते चांगलंच आलेलं आहे.

त्या रात्री जेवण गेलं नाही, वगैरे सांगत बसत नाही. खरी गोष्ट अशी की मी लगेच घरी जाऊन कुणाला काही सांगितलं नाही. सुट्टीला गेले, आईकडे बघितलं आणि गप्प बसले. शेगडी आईने पेटवली होती. खोली बाबांनी बांधली होती. फटी मी बुजवल्या होत्या. कुणाला काय सांगणार? आई त्या खोलीत रोज ताईच्या नावाने दिवा लावायची. तिला जर कळलं असतं की वारा लागू नये म्हणून जो जीव टाकला त्यानेच पोर गेली, तर ती दुसऱ्या दिवशी खाडीत सापडली असती. असं मी स्वतःला सांगायची. ते खोटं नव्हतं. पण खापर काकीच्या डोक्यावर फुटलेलं होतं आणि ते तिथेच राहणं आमच्या घराला सोयीचं होतं, हेही तितकंच खरं.

अशी दोन वर्षं गेली. मग एका दिवाळीला मी घरी आले होते. काकीची एकुलती एक लेक खाडीपलीकडे दिलेली. ती आपल्या पोराला घेऊन आली होती. पोरगा तीनेक वर्षांचा असेल. मी आमच्या ओटीवरून बघत होते. तो आजीच्या दारात उभा राहिला, "आजे, आजे" म्हणत. काकी आतून आली ती उलटी, पाठ दाराकडे करून. तोंड भिंतीकडे ठेवून तिने हात मागे केला. हातात करंजी होती. पोराने ती घेतली आणि तिच्या लुगड्याला मागून मिठी मारली, तर काकी घाईघाईने त्याचे हात सोडवायला लागली, न बघता, चाचपडत.

लेकीने मला पाहिलं. म्हणाली, "आजून त्याचा तोंड बघितला न्हाय आयनी. बालंतपनाला पन येऊ दिला न्हाय मना. आय सांगते, माझे डोले वाईट हायती."

मला वाटलं होतं, गाव काकीला दोष देतोय आणि ती मुकाट सोसतेय. तिने स्वतः त्यावर विश्वास ठेवला असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

लेक आणि नातू उन्हं कलल्यावर गेले. मी काकीकडे गेले. ती मागच्या पडवीत सुकट निवडत बसली होती. मी समोर बसले. तिने मान वर केली नाही, पाट पुढे सारला.

"काकी, ताई तुझ्या नजरेने नाही गेली," मी म्हणाले.

तिचे हात चालूच होते.

मी तिला सांगितलं. पुस्तकातलं सांगून कळणार नव्हतं, म्हणून ताईचंच सांगितलं. म्हटलं, आपल्या रक्तात टोपल्या घेतलेल्या बाया असतात असं समज. फुप्फुसातून प्राणवायू भरायचा आणि अंगभर नेऊन ओतायचा. शेगडीच्या कोळशातून जे निघालं, ते त्या टोपल्यांत आधीच भरून बसलं, चिखलासारखं. बाया चालत राहिल्या, पण टोपलीत जागाच नव्हती. डोक्याला पोचलं नाही, पायाला पोचलं नाही, हृदयाला पोचलं नाही. आणि त्या चिखलाचा रंग लाल. म्हणून ती लाल दिसली तुला. तू पाहिलंस तेव्हाच ते भरत आलं होतं. तू दार उघडं टाकून बसलीस, तेवढा एक तास तिला बरं वाटलं होतं.

काकीने आयुष्यभर टोपल्या वाहिल्या होत्या. तिला एकदा सांगितलं तेवढं पुरलं. तिचे हात थांबले.

"फटी कोनी बुजवल्या?" तिने विचारलं.

"मी. आणि तिने दार उघड म्हटलं, ते मी उघडलं नाही."

तिने सुकट बाजूला सारली. मग म्हणाली, "तुझ्या आयला नको सांगू. मरंल ती."

मला रडू आलं. वाटलं, सुटले. मी तिच्या पायांना हात लावायला वाकले, तर तिने पाय मागे घेतले.

"नर्सच्या शालेत शिकवला ना ह्या?"

"हो."

"कवा?"

खोटं बोलता आलं असतं. याच आठवड्यात म्हणून सांगितलं असतं तरी तिला कळायचा काही मार्ग नव्हता.

"दोन वर्षं झाली, काकी."

तिने दोन्ही हातांनी डोळ्यांवरचा पदर मागे सारला आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं, सरळ, पापणी न हलवता. मी मान खाली घातली.